हिसाबाची दुसरी प्रत : व्यापारी बांधवांनी घ्यावयाची खबरदारी

कापडाच्या धंद्यात कीर्द-खतावणी म्हणजे दुकानाचा जीव. कोणाकडून किती येणे, कोणत्या विणकराची किती मजुरी बाकी, कोणाला किती ताके उधारीवर गेले, हे सारे पूर्वी लाल बांधणीच्या वह्यांत असे. आज ते संगणकात असते. वही पाण्यात भिजली तरी थोडेफार वाचता येई. संगणकाची डिस्क बंद पडली तर कधी एक अक्षरही हाती लागत नाही आणि लागलेच, तर नव्या डिस्कच्या किमतीहून कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात. तरीही हिसाबाची दुसरी प्रत ठेवणारे दुकानदार आम्हाला बाजारात थोडेच दिसतात.

हा सवाल केवळ आपल्या पैशांचा नाही. कारागिराची मजुरी आपल्या हिसाबात लिहिलेली असते. ती नोंद गेली तर त्या गरिबाच्या हक्काचा पुरावाही जातो. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिसाबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. 'डिस्क खराब झाली' एवढे सांगून सुटका होईल असे कोणी समजू नये.

मोठ्यांनाही फटका

२७ जून २०१७ रोजी मर्स्क या जगप्रसिद्ध जहाज कंपनीचे संगणक 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने निकामी केले. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे कामही त्यात अडकले. कोणत्या संगणकाला काय मुभा आहे याची नोंद ठेवणारे या कंपनीचे सुमारे १५० सर्व्हर होते. ते एकमेकांची प्रत ठेवत, पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने एकदमच साफ झाले. घाना देशातील एकच वाचला, कारण त्या वेळी तेथे वीज गेली होती! त्या एका प्रतीच्या आधारे कारभार पुन्हा उभा राहिला. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक १० दिवसांत नव्याने बसवावे लागले.

यातून छोट्या दुकानदाराने एकच गोष्ट घ्यावी. जी प्रत सतत संगणकाला जोडलेली आहे, ती संकटाच्या वेळी आपली नाही. जाणकार लोक ३-२-१ चा कायदा सांगतात : एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या साधनांवर, त्यातील १ दुकानाबाहेर.

हार्ड डिस्कचे भाग कसे पाडावेत?

बाहेरून जोडण्याची १ टीबीची हार्ड डिस्क घेतली तर विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते. यात दुकानदाराने माप मारलेले नसते. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि संगणक १,०२४ च्या, एवढाच फरक.

या डिस्कचे दोन भाग केले तर सोय होते : एकात हिसाब, दुसऱ्यात डिझाइन आणि मालाचे फोटो. डिस्कवर आधीचे काही असेल तर प्रथम ते दुसरीकडे उतरवून घ्यावे. मग स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. आपली डिस्क कोणती हे तिच्या आकारावरून दोनदा तपासावे. चुकून आतल्या डिस्कला हात लागला तर नुकसान मोठे. डिस्क एनटीएफएस पद्धतीची असेल तर तिच्यावर उजवी क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' घ्यावे आणि किती जागा मोकळी करायची ते एमबीमध्ये लिहावे. ५०० जीबीसाठी ५,१२,००० लिहावे. मोकळ्या झालेल्या जागेवर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' घेऊन नाव द्यावे. डिस्क एक्सफॅट पद्धतीची असेल तर 'श्रिंक' चालत नाही. मग जुना भाग काढून नवे दोन भाग करावे लागतात आणि त्यात डिस्कवरचे सर्व पुसले जाते.

मात्र एक गैरसमज नसावा. एका डिस्कचे दोन भाग म्हणजे दोन प्रती नव्हेत. एकाच घरात भिंत घालून दोन खोल्या केल्या, तरी घर पडले की दोन्ही जातात.

रोजचा रिवाज

टॅलीप्राइम वापरणाऱ्यांनी ऑल्ट आणि वाय दाबून 'डेटा'मधील 'बॅकअप' घ्यावा. प्रत्येक वेळी तारखेचे नवे फोल्डर करावे, जुन्यावर नवे चढवू नये. कारण खराब झालेला हिसाब चांगल्यावर चढला तर दोन्ही गेले. काम झाले की डिस्क रीतसर काढून कपाटात ठेवावी. दुसरी डिस्क घरी असावी आणि आठवड्याला दोघींची अदलाबदल करावी. दुकानात आग लागली किंवा पाणी शिरले तर घरची प्रतच उपयोगी पडेल.

महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून चार खाती मूळ हिसाबाशी ताडून पाहावीत. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवणे म्हणजे गाठ न सोडता गठ्ठा विकत घेणे. हे काम मुनीम किंवा मुलावर सोपवले तरी हरकत नाही, पण तारीख मालकाने स्वतः विचारावी. दुकानाचे शटर ओढण्यापूर्वी आपण गल्ला मोजतोच. त्याच वेळी आणखी दहा मिनिटे हिसाबाच्या प्रतीसाठी काढावीत, एवढीच आमची विनंती आहे.