चौकट : रस्ता पालिकेचा, पदपथ कुणाचा?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. सवडीने करायचे काम नव्हे. कोल्हापुरात सुमारे ४९ किलोमीटर रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घेतले गेले. त्यावरचा टोल लोकांनी दीर्घ लढ्याने रद्द करायला लावला. टोल नाकारला मग खड्ड्यांची तक्रार कशाला, असे काहीजण म्हणतात. हा युक्तिवाद टिकत नाही, कारण टोल गेला तरी कायद्याने लादलेली जबाबदारी पालिकेवरच राहते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे कळल्यापासून ४८ तासांत बुजवण्याचे आणि खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले.

पदपथाचेही तसेच. तिथे फेरीवाल्याचे पोट आहे, हा आक्षेप खराच. म्हणून तर २०१४ च्या कायद्यात फेरीवाला क्षेत्रांची तरतूद आहे. मात्र दुकानाचा वाढवलेला ओटा, उभी केलेली दुचाकी आणि बांधकामाची वाळू यांना असा कोणताही आधार नाही. नळजोडणीसाठी रस्ता खोदायचा असेल तर पालिकेची परवानगी आधी घ्यावी. खड्डा दिसला की लेखी तक्रार करा आणि पोच जपून ठेवा.