औषधाचेच वावडे

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. आपल्या आज्या-पणज्यांजवळ त्यासाठी साधा शब्द होता : वावडे. कुणाला वांग्याचे, कुणाला शेंगदाण्याचे. पण डोळा बरा व्हावा म्हणून घातलेल्या थेंबांचेच डोळ्याला वावडे असू शकते, हे पुष्कळ सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते.

माझ्या मावशीचेच पाहा. तिचे डोळे आले, म्हणून घरच्यांनी दुकानातून निओमायसिनचे थेंब आणले. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पापण्या लाल होऊन सुजल्या, खाज सुटली, डोळ्यांभोवतीची कातडी सोलवटली. घरातले एकमत झाले : “थेंब कमी पडताहेत, वाढवा!” थेंब वाढले, तशी सूजही वाढली. अखेर नेत्रतज्ज्ञांनी पहिले काम केले, ते थेंब बंद करण्याचे. सात-आठ दिवसांत मावशी पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागली.

गोम अशी की, हे वावडे तत्काळ उठत नाही. औषधाशी आधी कधीतरी ओळख झाली, की शरीरात त्याच्याविरुद्ध पेशी तयार होतात. पुढल्या खेपेस दोन-तीन दिवसांनी त्या खवळतात. त्यामुळे संशय जातो तो रोगावर, औषधावर नव्हे! पापणीची कातडी अतिशय पातळ, म्हणून तडाखा तिला अधिक.

दुसरी गोम गोत्राची. निओमायसिन १९४९ साली अमेरिकेत वाक्समन आणि लेशेव्हालिए यांनी शोधले. फ्रामायसेटिन हे त्याचेच रूप. जेंटामायसिन, टोब्रामायसिन ही भावंडे. एकाचे वावडे असले, की पुष्कळदा दुसऱ्याचेही असते. बाटली बदलली, तरी गोत्र तेच! कधी औषध निर्दोष असते आणि त्रास देते ते थेंब टिकावेत म्हणून मिसळलेले बेंझाल्कोनियम क्लोराइड.

शिवाय २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात आली, तशी डोळ्यांची साथ बहुधा विषाणूंची असते. त्यांच्यापुढे प्रतिजैविकाची मात्रा चालत नाही. मग विकतचे वावडे कशाला?

म्हणून वाचकहो, थेंबांनी खाज-सूज वाढली, तर थेंब वाढवू नका. ते थांबवून त्याच दिवशी बाटलीसह डॉक्टरांकडे जा. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर तडक रुग्णालय गाठा. न सोसणाऱ्या औषधाचे नाव कागदावर लिहून जवळ ठेवा. आणि उरलेली बाटली प्रेमाने शेजारी देऊ नका. फराळाचे ताट द्या!