पाच लाखांचे कार्ड आणि शुगरची गोळी

रविवारी वंदना झाल्यावर विहारात आम्ही थोडा वेळ थांबतो. महिला मंडळाच्या भगिनी घरचे दुखणेखुपणे बोलतात, कुणी रिपोर्ट दाखवतात, कुणी गोळ्यांची रिकामी पाकिटे. गेल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. "सरकारने पाच लाखांचा विमा दिला म्हणतात, मग आमचा मेडिकलचा खर्च कमी का होत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सोनिवलीतल्याच एका मावशींच्या आजारपणात मिळाले. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. नऊ वर्षांपासून शुगर आहे. खासगी डॉक्टरांची फी आणि मेडिकलच्या गोळ्या मिळून महिन्याला हजार रुपये जायचे. ज्या महिन्यात नातवाची फी भरायची, त्या महिन्यात गोळ्या बंद. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात हे त्यांना ठाऊक होते. पण तिथली ओपीडी सकाळची, आणि सकाळी तर कामाच्या घरी हजर राहावे लागते. एक खाडा म्हणजे पगारातून कपात. शेवटी पायाला जखम झाली, ती चिघळली आणि पायाचे एक बोट कापावे लागले. ते ऑपरेशन मात्र योजनेत झाले, त्यांना बिल द्यावे लागले नाही.

म्हणजे कार्ड खोटे नव्हते. बोट कापायला योजनेत पैसे होते, बोट वाचवणाऱ्या गोळीला नव्हते. आरोग्य विम्यावरून देशात जो वाद चालतो, तो सगळा या एका वाक्यात आहे. म्हणून तो वाद आपण नीट समजून घेतला पाहिजे.

कार्ड आले कुठून?

महाराष्ट्रात 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 8 जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर 2013 मध्ये सगळ्या राज्यात आली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्र सरकारने 23 सप्टेंबर 2018 रोजी आयुष्मान भारत, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू केली, पण ती 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीवर चालत होती. यादीत नाव नसले की गरीब असूनही बाहेर. 1 एप्रिल 2020 पासून राज्यात या दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. जून 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सर्व कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय घेतला आणि जुलै 2024 पासून तो अमलात आला. त्या वेळी यादीत 1,356 उपचार होते. पुढे ती आणखी वाढवण्याचा निर्णय झाला. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्डही आले.

सरकारे बदलली, नावे बदलली, पण दिशा एकच राहिली. रुग्ण मोठ्या आजाराने दाखल झाला की ठरलेल्या दराने रुग्णालयाचे पैसे भागवायचे. रुग्णालय सरकारी असेल किंवा खासगी, फक्त योजनेशी जोडलेले हवे. हृदयाचे ऑपरेशन, कॅन्सरची केमोथेरपी, डायलिसिस, अपघातातली हाडे असे घर विकायला लावणारे खर्च यात येतात. त्याचे मोल कमी लेखू नका. वीस वर्षांपूर्वी डायलिसिस म्हटले की आपल्या वस्तीत लोक हात जोडत असत.

पण ओपीडी यात येत नाही. खोकला-ताप, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, बाहेर काढलेला एक्स-रे, डॉक्टरची तपासणी फी यांतले काही नाही. डिस्चार्जनंतर काही दिवसांची औषधे मिळतात, पुढे पुन्हा आपणच. आपल्या घरचा पैसा दर महिन्याला नेमका याच वाटेने जातो. म्हणून कार्ड असूनही मेडिकलचे बिल तेवढेच राहते.

वाद काय आहे?

विम्याच्या बाजूचे लोक म्हणतात, की सरकारी रुग्णालये पुरेशी नाहीत आणि नवी उभारायला वर्षे जातात. तोवर गरिबाने मरायचे का? खासगी रुग्णालये तयार आहेत, सरकारने त्यांचे पैसे भागवावेत, गरिबालाही निवड मिळेल. हे म्हणणे पोकळ नाही. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला पुढच्या पंचवार्षिक योजनेचा उपयोग नसतो.

दुसरी बाजू म्हणते, की विम्यातून गेलेल्या पैशातून वस्तीत दवाखाना उभा राहत नाही. खासगी रुग्णालय जिथे धंदा आहे तिथेच निघते. ठरलेला दर परवडला नाही की ते योजनेतून बाहेर पडते किंवा बेड नाही म्हणते. शिवाय जो पैसा दाखल झाल्यावरच मिळतो, तो आजार वाढेपर्यंत वाट पाहायला शिकवतो. आमच्या मावशींचे नेमके तेच झाले.

आकडेही पाहा. 2013-14 मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी 64.2 टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करत होते. 2021-22 मध्ये हे प्रमाण 39.4 टक्क्यांवर आले. सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे. तरीही शंभरातले चाळीस रुपये अजून आपल्याच खिशातले आहेत. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी आरोग्य खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता.

हा वाद फक्त आपल्याकडेच नाही. ब्रिटनने 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. तिथे करातून पैसा येतो आणि डॉक्टरकडे जाताना रुग्ण पैसे मोजत नाही. अमेरिकेने 1965 मध्ये वृद्धांसाठी सरकारी विमा आणला, बाकीच्यांना बहुतांशी खासगी विम्यावर सोडले, आणि तिथले भांडण अजून मिटलेले नाही. आपल्या देशात राजस्थानने मार्च 2023 मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. तातडीच्या वेळी पैशासाठी उपचार अडवू नयेत असे त्यात होते. खासगी डॉक्टरांनी दोन आठवड्यांहून जास्त संप केला आणि सरकारला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. हक्क कागदावर आणायलाही किती ओढाताण होते ते यावरून दिसते.

बाबासाहेब विमा कसा पाहत होते?

विमा हा शब्द आपल्याला नवा नाही. 1947 मध्ये संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी विमा ही केवळ सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मांडणी केली होती. विम्याचा पैसा नफ्यासाठी नव्हे, लोकांच्या सुरक्षेसाठी आणि देशाच्या उभारणीसाठी वापरला जावा, हा त्यामागचा विचार.

त्याआधी 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कार्यकाळात, 1944 मध्ये, प्राध्यापक अदारकर यांचा कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अहवाल आला. त्यातून पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. या विम्यात आणि आजच्या कार्डात एक मोठा फरक आहे. ईएसआयमध्ये ओपीडी आहे, रोजच्या गोळ्या आहेत, आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन आहे, आणि विम्याने स्वतःचे दवाखाने उभारले. मालक आणि मजूर दोघे वर्गणी देतात आणि तापापासून ऑपरेशनपर्यंत सगळे त्यात येते. पैसा आणि दवाखाना यांची ताटातूट तिथे केलेली नव्हती.

1946 मध्ये भोर समितीनेही सांगितले होते, की पैसे नाहीत म्हणून कुणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत. आपल्या संविधानाच्या कलम 47 ने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. 1996 मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की तातडीच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की कार्ड की दवाखाना असा सवालच चुकीचा आहे. कार्ड काढा, वापरा, त्यावर हक्क सांगा. पण कार्ड मिळाले म्हणून दवाखाना मागायचे सोडू नका.

आज काय करायचे?

आजार येण्याआधी: घरातल्या सर्वांची नावे रेशनकार्डावर आहेत का ते पाहा. नवी सून आणि लहान बाळ यांची नावे हमखास राहून जातात. आधारवरचे आणि रेशनकार्डावरचे नाव जुळते का तेही पाहा. रेशनकार्ड गावाकडचे, बीड-परभणीचे असले तरी चालते, योजना सगळ्या राज्याची आहे. आयुष्मान कार्ड काढून ठेवा. घरात सत्तरी ओलांडलेले कुणी असतील तर त्यांचे वय वंदना कार्ड वेगळे काढा.

रुग्णालयात: आधी विचारा, हे रुग्णालय योजनेत आहे का आणि हा उपचार यादीत आहे का. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटल्याशिवाय पैसे भरू नका. मावशींच्या वेळी त्या रुग्णालयात आधी तपासण्यांचे पैसे भरा म्हणाले होते. मुलगा सोनाराकडे निघाला होता. आम्ही 155388 वर फोन लावला, आरोग्यमित्राला पुढे बोलावले, आणि पैसे न भरता काम झाले. दुसरा टोल फ्री नंबर 1800 233 2200, आणि आयुष्मानचा 14555. पैसे घेतलेच तर पावती मागा. पावतीशिवाय तक्रारीला जोर येत नाही.

सरकारी दवाखान्यात: 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपर, तपासणी, उपचार सगळे मोफत आहेत. बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय यात येतात. केईएम, सायन ही महापालिकेची आणि जे. जे. हे वैद्यकीय शिक्षण विभागाचे, तिथे हा निर्णय लागू नाही, थोडी फी पडते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी-शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. ती वर्षातून एकदा तरी करा.

कंपनीत काम असेल तर: बदलापूर-अंबरनाथच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी ईएसआय नंबर मागून घ्या. पगार महिन्याला 21,000 पर्यंत असेल तर तो हक्क आहे. मजुराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के भरले जातात. पगारातून कापले जाते पण नंबर मिळत नाही, अशा तक्रारी आमच्याकडे आल्या आहेत.

ट्रस्टच्या रुग्णालयात: धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागते. तिथे समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करा.

आणि मागायचे काय?

मावशींना पाच लाख नको होते. त्यांना संध्याकाळी सात वाजता उघडा असलेला दवाखाना आणि महिनाभराच्या गोळ्या हव्या होत्या. म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, तीन गोष्टी विचारा. आमच्या वस्तीजवळच्या दवाखान्यात संध्याकाळची ओपीडी कधी सुरू करणार? बीपी-शुगरच्या गोळ्या एका वेळी महिनाभराच्या देणार का? "औषध बाहेरून आणा" ही चिठ्ठी बंद कधी होणार? उत्तर लिहून घ्या, तारखेसह.

मावशी आता काठी टेकत विहारात येतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महिला मंडळातली एक भगिनी त्यांच्याबरोबर चार जणांच्या केस पेपरची पिशवी घेऊन सरकारी दवाखान्यात जाते आणि सगळ्यांच्या गोळ्या आणते. तुमच्या घरात शुगर-बीपीचे कुणी असेल आणि कामामुळे जाता येत नसेल, तर येत्या रविवारी वंदनेनंतर थांबा. पाचवा केस पेपर त्या पिशवीत सहज मावेल.