पाण्याचे भय

मुळशी तालुक्यातील जांबे आदि गावी विहीर, ओढा, नदी ही मुलांच्या परिचयाची असतात. तरी तळ दिसेनासा होताच पुष्कळ मुले बिचकतात. हे भय लज्जास्पद नव्हे. भ्यालेल्या मुलास पाण्यात ढकलणे सर्वथा अनुचित होय. त्यायोगे भय दुणावते. सुके भोपळे बांधून पोहावयास शिकविण्याची आपली जुनी रीत अधिक शहाणपणाची. आधी पाणी तारते हा विश्वास, मग हातपाय मारणे, हे तिचे मर्म. छाती भरून श्वास घेतला असता बहुतेकांचे शरीर पाण्याहून किंचित हलके होते. उताणे निश्चल पडल्यास मुख वर राहते. पोहणाऱ्या पालकाने संथ, उथळ काठी उभे राहून मुलाच्या पाठीस हात द्यावा व तो हळूहळू काढून घ्यावा. पावसाळ्यात पूर आला असता मात्र थोरांनीही काठावरच थांबावे. तेवढे भय आम्हांस इष्टच वाटते.