छाटणीच्या हिशेबात न धरलेली घरटी

चैत्राची पालवी जून होऊन वैशाखाचे ऊन तापू लागले, की शहरांतील रस्त्यांवर एक वार्षिक विधी सुरू होतो. कोयते, कुऱ्हाडी आणि यांत्रिक करवती घेतलेल्या मजुरांच्या टोळ्या येतात, दोन-चार तासांत भरली झाडे बोडकी होतात आणि फांद्यांनी लादलेले ट्रक निघून जातात. पावसाळ्यापूर्वीची ही छाटणी आवश्यक आहे, याबद्दल दुमत नसावे. वादळात कोसळलेल्या फांदीखाली माणसे दगावतात आणि विजेच्या तारा तुटतात. ही जबाबदारी टाळता येणार नाही. प्रश्न आहे तो छाटणी केव्हा, किती आणि कोणत्या पद्धतीने करावी, हा.

कारण एप्रिल आणि मे हेच महिने आपल्याकडील अनेक पाखरांच्या विणीचे असतात. बुलबुल, शिंपी, दयाळ यांची पिल्ले याच सुमारास घरट्यांत असतात. पावसाची चाहूल लागताच कावळे काटक्या जमवू लागतात, तर वंचक आणि गायबगळे पावसाच्या तोंडावर मोठ्या वृक्षांवर वसाहती करतात. राखी धनेशाची मादी तर ढोलीत स्वतःला कोंडून घेते. ढोलीचे तोंड लिंपून टाकते आणि ठेवलेल्या चिंचोळ्या फटीतून नर तिला व पिल्लांना भरवतो. अशी ढोली असलेली फांदी खाली आली, तर एक अख्खे कुटुंब संपते. ट्रकमध्ये भरलेल्या पाल्यात काय होते, याची नोंद मात्र कोणत्याही मोजमाप-पुस्तकात होत नाही.

ही नोंद का होत नाही, याचे उत्तर निसर्गशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक स्पष्ट मिळते. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात ए. सी. पिगू यांनी खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावत विस्ताराने मांडली. करणाऱ्याच्या खिशाला ज्याची झळ लागत नाही, असे नुकसान त्याच्या हिशेबात शिरत नाही. ठेकेदाराचे देयक झाडांच्या संख्येवर अथवा उचललेल्या लाकडाच्या वजनावर ठरत असेल, तर कमीत कमी वेळात जास्तीत जास्त कापणे हेच त्याला किफायतशीर ठरणार. त्यात आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. निविदा आणि कार्यादेश यांचे सोपस्कार उरकेपर्यंत मे उजाडतो. येथे कोणाचीही दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. कचेरीचे पंचांग आणि पाखरांचे पंचांग यांचा मेळ बसत नाही, इतकेच.

अशा छाटणीने सुरक्षितता तरी साधते काय? अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले, की माणसाच्या जखमेप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही; झाड तो भाग आतून भिंत घालावी तसे बंदिस्त करते. फांदी जेथून फुटते तेथील फुगीर कडे शाबूत ठेवून कापले, तर हे काम लवकर होते. शेंडाच उडवला किंवा मध्येच खुंट सोडला, तर तेथून कूज शिरते आणि खुंटाभोवती झपाट्याने फुटवे फुटतात. त्यांची पकड वरवरची असते. पुढे वजन वाढले की तेच वाऱ्यात मोडतात. म्हणजे ज्या धोक्याच्या निवारणासाठी पैसा खर्च झाला, तोच धोका काही वर्षांनी व्याजासह परत येतो! बुंध्याला लागून केलेल्या काँक्रीटचीही तीच गत. मुळांना हवा व पाणी मिळेनासे होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने.

नगरपालिकांना दोष देऊन नागरिकांना हात झटकता येणार नाहीत. गृहसंस्थांच्या आवारात पाचोळा म्हणजे अस्वच्छता अशी समजूत दृढ आहे. तो जाळला जातो आणि नंतर विकतचे खत आणले जाते. वस्तुतः त्याच पाचोळ्यात गांडुळे व किडे पोसले जातात आणि त्यांवर दयाळासारखी पाखरे जगतात. ‘ब्लू मॉरमॉन’ हे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खाऊन वाढतात. त्याचा अभिमान बाळगणारा गृहस्थ अंगणातील लिंबावर अळी दिसताच कीटकनाशक फवारतो, ही विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. नवी झाडे लावताना उंबर, वड, पिंपळ यांचा विचार व्हावा. त्यांची फळे पाखरांना आणि वटवाघळांना पोसतात. मात्र मादागास्करचा गुलमोहर किंवा अमेरिकेतील वर्षावृक्ष परके म्हणून तोडण्याचा अट्टहास नको. त्यांवरही घरटी असतातच.

कायदा याबाबतीत मुका नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे व घरट्यांना उपद्रव देणे यांचा ‘शिकारी’च्या व्याख्येत समावेश आहे. नागरी भागांतील झाडांसाठी राज्यात १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास व त्याहून अधिक वर्षांच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. जुन्या वृक्षाचे मूल्य एका रोपाइतके नव्हे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. तरीही साठ वर्षांच्या वृक्षातील ढोली साठ रोपांत उद्या मिळत नाही, हे विसरता कामा नये.

उपाय खर्चिक नाहीत. नियमित छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात व्हावी. एप्रिल-मे महिन्यांत केवळ धोकादायक फांद्यांना हात लागावा. घारी आणि घुबडे यांची वीण हिवाळ्यातच सुरू होत असल्याने घरट्यांची पाहणी मात्र बाराही महिने बंधनकारक असावी. देयक वजनावर न ठरता योग्य रीतीने केलेल्या कामावर ठरावे. रस्त्यापासून दूर असलेले, कोणाच्या डोक्यावर न येणारे वठलेले खोड उभे राहू द्यावे. तांबट आपले घर वाळक्या लाकडातच कोरतो. पाहणीच्या कामी महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि शाळांतील शिक्षक यांचे साहाय्य सहज मिळू शकेल.

निविदेचा मसुदा दरवर्षी कोणत्या तरी कचेरीत एखादा लिपिक टंकलिखित करीत असतो. कामाचा महिना, कापण्याची रीत आणि पाहणीची अट या तीन ओळी त्यात वाढल्या, तर तिजोरीवर फारसा भार पडणार नाही. येत्या वर्षीचे मसुदे तयार होण्यापूर्वी त्या लिहिल्या जाव्यात, एवढीच अपेक्षा आहे.