कलिंगड वेलीवर पिकू द्या, हापूस मात्र आधी उतरवा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा पट्ट्यात भात निघालं की रिकाम्या शेतात आपण कलिंगड लावतो. परसात हापूसची दोन-चार कलमं असतातच. एप्रिलच्या उन्हात दोन्ही फळं हाताशी येतात, पण दोघांचा नियम उलटा आहे.

कलिंगड तोडल्यावर गोड होत नाही. जी गोडी यायची ती वेलीवरच येते. म्हणून घाई नको. फळाच्या देठाजवळचा बाळीसारखा तणावा सुकला, जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळट झाला आणि टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला, की तोडायचं. टणटण वाजलं तर थांबायचं. शेवटच्या दिवसांत पाणी कमी करा. सुकलेल्या वेलीला एकदम भरपूर पाणी दिलं तर फळ तडकतं.

हापूस उतरवल्यावरही पिकतो. तो झाडावर पूर्ण पिकू दिला तर आत साका होण्याची भीती वाढते. साका म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. वरून फळ चांगलं दिसतं, कापल्यावरच कळतं. ऊन आणि तापलेल्या जमिनीची धग याला कारण ठरते. म्हणून आंबा चौदा आणे तयार झाला, देठाजवळचे खांदे वर आले, की उतरवावा. शंका असेल तर एक फळ पाण्यात टाका. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो.

आंबा झोडपून पाडू नका. झेल्याने, थोडा देठ ठेवून काढा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि काळे डाग पडतात. काढलेलं फळ उघड्या जमिनीवर नको, लगेच सावलीत न्या. मग पेंढ्यात आढी घाला. कार्बाइडच्या पुड्या अजिबात ठेवू नका. त्यांनी फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे.

वेळ सोपी आहे: फजरनंतर दहापर्यंत आणि पुन्हा असरनंतर. भर दुपारी कोणालाही झाडावर चढवू नका. किनाऱ्यावर पारा कमी दिसला तरी दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसं दगावली, हे आपल्याच जिल्ह्यात घडलं. मजुरांना पाणी, मीठ-साखरेचं सरबत आणि सावली द्या. चक्कर, उलटी, बरळणं दिसलं तर अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

शेवटी हक्काची गोष्ट. हनफी घरांत फळांवरही उश्र आहे: पावसाच्या पाण्यावर दहावा हिस्सा, विकत किंवा ओढून दिलेल्या पाण्यावर विसावा. कोकणात आपण बहुतेक शाफई. आपल्या फिक्हमध्ये फळांपैकी खजूर आणि द्राक्षांवरच जकात आहे. तरी पहिल्या तोडणीतली एक पाटी शेजारी आणि गरजू घरी जाऊ द्या. त्यात धर्म पाहू नका.