सोन्याचे कण आणि सिकाई

रायपूरहून बोलतोय.

आजचा विषय इथल्या एका मराठी कुटुंबाकडून आला. वडिलांना गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं आणि आता सहा आठवड्यांची सिकाई ठरली आहे. छत्तीसगडात रेडिएशनला सिकाईच म्हणतात, तुमच्याकडे ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणत असतील. मुलाने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. सोन्याचे अतिसूक्ष्म कण शरीरात सोडले की रेडिएशनचा मारा कैकपटींनी वाढतो, असं त्यात होतं. त्याने विचारलं, “कर्नलकाका, हे मिळेपर्यंत बाबांची सिकाई थांबवू का? आणि तोवर सुवर्णभस्म सुरू करू का?”

दोन्हींचं उत्तर ‘नाही’. पण व्हिडिओतली मूळ गोष्ट खोटी नाही, म्हणून जरा खोलात जाऊ.

मी तोफखान्यातला माणूस. गोळा चिखलात पडला तर अर्धा जोर चिखलच गिळतो. तोच गोळा खडकावर पडला तर दगडाच्या कपच्या उडतात आणि आजूबाजूचे लोक गोळ्याइतकेच त्या कपच्यांनी जखमी होतात. डोंगरात लढलेल्या कुठल्याही जवानाला विचारा. आपलं शरीर म्हणजे क्ष-किरणांच्या दृष्टीने चिखल: हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन, सगळे हलके अणू. ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, सोन्याचा ७९. कमी ऊर्जेचे क्ष-किरण अडवण्याची ताकद अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे अणुक्रमांक दहापट तर ताकद हजारपटीच्या घरात. किरण सोन्यावर आदळला की इलेक्ट्रॉन उडतात, त्या आपल्या कपच्या. त्यातल्या बऱ्याचशा फार लांब जात नाहीत, म्हणून खडक शत्रूच्या खंदकातच असला पाहिजे. कण गाठीत असतील तर फायदा, नाहीतर काही नाही. आणि हे विसरू नका की खडक स्वतः कुणाला मारत नाही. वरून गोळा पडावाच लागतो.

याचा गाजलेला पुरावा २००४ सालचा. अमेरिकेत जेम्स हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठी असलेल्या उंदरांच्या शिरेत १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण सोडले आणि लगेच क्ष-किरण दिले. (माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.) वर्षभराने सोनं आणि किरण दोन्ही मिळालेले ८६ टक्के उंदीर जिवंत होते. नुसते किरण मिळालेले २० टक्के. नुसतं सोनं मिळालेले शून्य. हा शून्य मी त्या मुलाला कागदावर मोठा काढून दाखवला. सुवर्णभस्माबद्दलचं माझं उत्तर त्यातच आहे. हे कण तर थेट रक्तात सोडले होते. तोंडाने घेतलेलं भस्म गालातल्या गाठीत जाऊन बसतं, याला काहीही आधार नाही.

योगायोग असा की त्याच २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांचा अर्क वापरून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार केले. म्हणजे कण बनवणं आपल्या लोकांनाही अवघड नाही. अवघड आहे ते त्यांना गाठीत पोचवणं. शिरेतून सोडलेले मोठे कण यकृत आणि प्लीहा मधल्या मध्ये गोळा करून टाकतात.

दुसरी अडचण मशीनची. हेनफेल्डचे किरण अडीच लाख व्होल्टचे होते. इस्पितळातली लिनॅक मशीन बहुधा ६० लाख व्होल्टला चालतात. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या भाभाट्रॉनमधल्या कोबाल्टचे किरणही साडेबारा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे. एवढ्या ऊर्जेला जड-हलक्या अणूंतला तो हजारपटीचा फरक बराचसा पुसला जातो. थोडा फायदा उरतो, पण उंदरांचा आकडा जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. तेवढं सांगितलं तर व्हिडिओ कोण बघणार?

माणसावर सर्वात पुढे गेलेलं काम सोन्याचं नाही, हाफ्नियमचं आहे. अणुक्रमांक ७२. फ्रान्सच्या नॅनोबायोटिक्स कंपनीने हाफ्नियम ऑक्साइडचे कण थेट गाठीत सुईने टोचण्याचा मार्ग धरला, म्हणजे पोचवण्याचा प्रश्नच मिटला. हातापायांच्या आणि धडाच्या मऊ भागातल्या सार्कोमावर त्यांनी चाचणी केली, निकाल २०१९ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आले. ऑपरेशननंतर तपासलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर जवळजवळ शिल्लक नाही, असे रुग्ण नुसत्या रेडिएशनने ८ टक्के आणि कणांसह १६ टक्के होते. दुप्पट खरं, पण शंभरातले सोळा. काही रुग्णांचा इंजेक्शननंतर रक्तदाबही उतरला. त्याच वर्षी युरोपात या सार्कोमासाठी मान्यता मिळाली. डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी वयस्कर रुग्णांवरची मोठी चाचणी त्यानंतर हाती घेतली गेली. आमच्याकडच्या लोकांना या दुसऱ्या चाचणीत जास्त रस असायला हवा, कारण इथे गुटखा आहेच आणि वर तंबाखूचा गुडाखू दातांना घासायची सवय आहे.

आता थांबण्याचा हिशेब. सिकाई सहसा आठवड्याला पाच दिवस, रोज दोन ग्रे अशी देतात, कारण मधल्या वेळात निरोगी पेशी सावरतात. पण कॅन्सरच्या पेशीही सावरतात, आणि तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये काही आठवड्यांनंतर त्या जोमाने वाढू लागतात. उपचार एक दिवस लांबला की गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते, असं जुन्या अभ्यासांतून दिसतं. दोन आठवडे वाट पाहिली तर किती, हा गुणाकार मुलानेच केला. नंतर तो गप्प बसला.

कुणी तुम्हाला ‘नॅनो’ उपचार देऊ केला, तर एकच कागद मागा: सीटीआरआय, म्हणजे भारताच्या वैद्यकीय चाचणी नोंदवहीतला क्रमांक. ही नोंदवही सरकारी आहे, इंटरनेटवर फुकट पाहता येते. चाचणी कुठे आहे आणि कुठल्या रुग्णांसाठी आहे, तिथे लिहिलेलं असतं. क्रमांक मिळाला तर तो घेऊन आपल्या रेडिएशनच्या डॉक्टरांकडे जा. मिळाला नाही तर पैसे देऊ नका, आणि उद्याच्या सिकाईची वेळ चुकवू नका.